पडेगावच्या जेवणातली लाल वाईन

वेंगुर्ल्याहून छत्रपती संभाजीनगरला जाऊन आले म्हटलं की आमच्या वाडीत पहिला प्रश्न येतो, "वेरूळ बघितलंस?" नाही बघितलं. अजिंठाही नाही. मग लोक माझ्याकडे असे बघतात जणू मी बाजारात जाऊन मीठच विसरून आले. "मग इतके दिवस केलंस काय तिथे?" हे सांगायला गेले की मलाच हसू फुटतं आणि निम्मं सांगायचं राहून जातं. म्हणून लिहून काढते. शाळा माझी सहावीत सुटली, त्यामुळे वाक्य कुठे वाकडं गेलं तर वाचणाऱ्यांनी सरळ करून घ्यावं.

आमची स्नेहल चार वर्षं तिथे नर्सिंग शिकत होती. सरकारी कॉलेजात नंबर लागला तोच मुळी इतक्या लांब. पडेगाव नावाच्या भागात अण्णा आणि काकूंच्या घरी वरची खोली मिळाली. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, शेती दौलताबादच्या किल्ल्याखाली. पहिल्याच वर्षी पोरीला डेंग्यू झाला. इकडे माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना सोडून मला हलता येईना. काकूंनी तिला वरच्या खोलीतून खाली आणलं, स्वतःच्या पलंगाशेजारी निजवलं, ज्वारीची आंबील करून चमच्याने पाजली. बरी झाल्यावर परत वर जाऊच दिलं नाही. चार वर्षं ती त्या घरातली होऊन राहिली. आता पुण्याला एका मोठ्या दवाखान्यात नोकरीला लागली आहे. मी मात्र त्या माणसांना एकदाही पाहिलं नव्हतं. फोनवर बोलायचं तेवढंच. सासूबाई गेल्या, वर्षश्राद्ध झालं, आणि मी ठरवलं की आता जायचं आणि त्यांच्या हातात काहीतरी ठेवून यायचं. ह्यांचा गुडघा धरलेला, स्नेहलला रजा नाही, म्हणून एकटीच निघाले.

शुक्रवार, पडेगाव

थंडीचे दिवस होते. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे चादर ओढून घ्यायची. तिथली थंडी कोरडी. पुण्याहून येणाऱ्या बसमधून उतरले तेव्हा ओठ फुटले होते आणि हाताची कातडी ताणल्यासारखी झाली होती. रिक्षातून उतरताना मनात तेच तेच प्रश्न. साडी बरी नेसली आहे ना, पिशवीतून काही वास तर येत नाही ना. सुकं म्हावरं मुद्दाम आणलं नव्हतं, तरी दोनदा पिशवी हुंगून बघितली.

काकू फाटकातच उभ्या होत्या. फोनवरच्या आवाजावरून मी त्यांना धिप्पाड समजत होते. प्रत्यक्षात माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. पण हात धरला तो असा की सुटायची सोय नाही.

"या, या. लई लांबून आलाव. अवं, पाया काय पडता? आधी पानी प्या. ओठ बघा कसे झालेत, लोणी लावते थांबा."

आणि खरंच लावलं. ओळख होऊन पाच मिनिटं झाली नाहीत, आणि एक बाई माझ्या ओठांना लोणी लावत होती.

चहा झाल्यावर मी पिशवी उघडली. काकूंसाठी साडी, अण्णांसाठी शाल, काजू, आंब्याची साठं. काकूंनी साडीवरून हात फिरवला, छान आहे म्हणाल्या, घडी नीट केली आणि माझ्याच पिशवीत परत ठेवली. शालही ठेवली. काजूंतले मूठभर देवापुढे ठेवले, मूठभर शेजारच्या बाईची वाटी परत द्यायची होती तिच्यात घातले, उरलेले पुन्हा पिशवीत.

"काकू, असं काय करता?"

"स्नेहल आमची कोन? लेक. मग लेकीच्या घरचं ठेवून घ्यायचं नसतंय. तुमच्यात घेतात का?"

आमच्यातही घेत नाहीत. स्नेहल जन्माला येईपर्यंत माझ्या आईने माझ्या सासरी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. माझ्याच रीतीने मला बांधून टाकलं. इतक्या लांबून हात जोडायला आले आणि हातातलं सगळं हातातच राहिलं.

अण्णा पलंगावर बसून हे बघत होते. उंच, वाळके, कानटोपी घातलेले. म्हणाले, "ताई, वाईट नका वाटून घेऊ. तिला हैदराबादच्या निजामानं हिरे दिले असते तरी तिनं पिशवीत परत घातले असते."

"तुमाला कोन हिरे देतंय?" काकू आतून म्हणाल्या.

मला रडूच येणार होतं, तेवढ्यात स्नेहलचा फोन आला. सगळं ऐकून ती म्हणाली, "आई, मग अण्णांची वाईन घे. पगार झाला की पाजीन असं मी कबूल केलंय त्यांना. लाल, जेवणाबरोबरची."

फोन मोठ्या आवाजावर होता. अण्णांनी कानटोपी वर केली. मी काकूंकडे बघेना. बाटली म्हटलं की मला माझे वडील आठवतात. ते प्यायचे, घरात आवाज चढायचे, आणि माझी शाळा सुटली त्यातही त्या बाटलीचा हात होता. आमच्या घरात लग्नानंतर मी थेंब येऊ दिलेला नाही. तसं म्हटलं तर एकदाच चव घेतली होती. स्नेहलच्या वेळी बाळंतपणात सासूबाईंनी गोव्याकडची गोड लाल वाईन दोन चमचे दिली होती, औषध म्हणून. आमच्या भागात देतात.

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "चार वर्षं हेच चाललंय यांचं. माझ्या घरात दारू आलेली नाय."

"दारू नाय ती, द्राक्षाचं पानी."

"चूप बसा." मग माझ्याकडे बघितलं. माझं तोंड किती उतरलं असेल ते त्यांनाच माहीत. म्हणाल्या, "ते चालंल. ते काय ठेवून घ्यायचं नाय, ताटाबरोबर संपवायचं. पन जेवतानी, माझ्यासमोर, आन् एकदाच. आन् आनायला तुम्ही एकट्या नाय जायचं."

एक तरी गोष्ट घेणार होते! ती नेमकी अशी असावी, हे माझं नशीब.

शनिवार, दौलताबाद

वाईन प्यायची ती मटणाच्या जेवणाबरोबर, आणि शनिवारी त्यांच्याकडे मटण होत नाही, म्हणून ती रविवारवर गेली. सकाळी अण्णा मला शेत दाखवायला घेऊन गेले. दौलताबादचा किल्ला लांबूनच दिसतो, डोंगर खालून तासून काढल्यासारखा. मी म्हटलं, वर जाऊन येऊ का? अण्णा म्हणाले, "तुम्ही जा, मी खाली बसून तुमच्यासाठी देवाचं नाव घेतो." मग दोघंही गेलो नाही.

शेतात पिवळी-नारिंगी फुलं फुललेली. हात लावायला गेले तर काटे. "करडई," अण्णा म्हणाले. "हिचंच तेल आमच्या घरात." आमच्याकडे खोबरेल सोडून दुसऱ्या तेलात भाजी केली तर ह्यांना घास जात नाही. एवढ्या काटेरी झाडातून तेल निघतं हे मला नवीन. बाजूच्या मोकळ्या रानात एका धनगराची मेंढरं बसवली होती. रात्रभर ती शेतात बसतात आणि लेंड्यांचं खत होतं, त्याबद्दल शेतकरी धनगराला धान्य देतो. मला ही पद्धत फार आवडली. आमच्याकडे गाय बाहेर सुटली तरी शेजारी भांडायला येतो.

विहिरीजवळ दगडी खांब उभे होते, काही आडवे पडलेले. त्यातल्या एकावर अण्णा बसले.

"माझा जन्म पोलीस ॲक्शनच्या सालचा, निजाम गेला त्या. मी शाळेत जायला लागलो तवा वडिलांनी इथं द्राक्षं लावली. या खांबांवर मांडव होता. हैदराबादचा एक व्यापारी माल घ्यायला यायचा. तो सांगायचा, बाहेरच्या मुलखात याची लाल वाईन करतात आन् जेवनासोबत घोट घोट पितात, पानी पितात तशी. वडील म्हनायचे, आपन पिकवतो आन् आपल्यालाच म्हाईत नाय ती कशी लागती. एकदा चाखू. मग बहात्तरचा दुष्काळ पडला. विहीर आटली, बाग गेली. वडील बी गेले, न चाखता."

"मग तुम्ही नोकरीत असताना कधी...?"

"हापिसात लोक प्यायचे. पन ती वेगळी, नाक दाबून प्यायची. मला तशी नको होती. मला वडिलांची पाहिजे होती, ताटासोबतची."

इतका वेळ मी तो पोरीचा आणि त्यांचा चेष्टेचा विषय समजत होते. आता मात्र ते तसं नाही हे कळलं. मी काही भलतंच उचलून आणलं तर? इतक्या वर्षांची वाट बघून त्यांनी घोट घ्यावा आणि तोंड वाकडं करावं, आणि ते माझ्या हातून व्हावं! देणं एकच स्वीकारलं होतं, तेही फुकट जाणार. येताना त्यांनी रस्त्यावर पेरू घेतले, मीठ-तिखट लावून दिले. इतके गोड पेरू, पण माझं लक्षच लागेना.

रविवार, दुपार

शेजारचे सलीमभाई रिक्षा चालवतात. काकूंनी त्यांना बोलावलं आणि दोघी मागे बसलो.

"कां जाना है, खाला?"

"छावनी की तरफ लो," काकू म्हणाल्या. "वो दुकान नहीं क्या... जाली लगेली है."

"कौन सी दुकान? जाली तो बँक को बी है."

"अरे वो... बाटली की."

सलीमभाईंनी रिक्षा बाजूला घेऊन थांबवली आणि मागे वळून आधी काकूंकडे, मग माझ्याकडे बघितलं. "खाला, अण्णा को मालूम है क्या?"

"उनोच भेजे!"

"हौ? फिर ठीक है," म्हणाले आणि निघाले. पण आरशातून आमच्याकडे बघून हसत होते ते दुकान येईपर्यंत.

दुकानापाशी काकू म्हणाल्या, "मी समोर बांगड्यावाल्याकडं थांबते. माझे भाचे-पुतने फिरत असतात इकडं." मी पदर डोक्यावर घेतला आणि एकटी पुढे झाले. जाळीपुढे पुरुषांची गर्दी. मला बघितल्यावर सगळे आपोआप बाजूला सरकले. डॉक्टरकडे आत जायचा नंबर आल्यासारखं वाटलं. परवाना लागतो असं कुठेतरी ऐकलं होतं, त्याचीही भीती. स्नेहलने फोनवर समजावलं होतं, आई, कोणी पकडत नाही.

दुकानदार चष्मा लावलेला, मध्यम वयाचा. मी हळू आवाजात म्हटलं, "लाल वाईन. ती गोड असते ना, बाळंतिणीला देतात ती."

"घरात बाळंतीण आहे का, ताई?"

"नाही. शहात्तर वर्षांचे आजोबा आहेत."

मागे कोणीतरी खोकलं. दुकानदार हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्यांनी आत यायला सांगितलं. बाजूला एक खोली होती, तिथे बाटल्या आडव्या ठेवलेल्या. "जेवायला काय आहे?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न मला इतका घरचा वाटला की भीती निम्मी पळाली. पण उत्तर माझ्या मागून आलं.

"मटन. येसर घालून." काकू! बांगड्यावाल्याकडे दोन मिनिटंही त्यांच्याने थांबवलं नाही. येसर म्हणजे त्यांच्याकडचा भाजलेल्या धान्याचा आणि मसाल्याचा दळलेला मसाला, रश्श्याला दाटपणा येतो त्याने.

"तिखट?"

"मग काय गोड करू मटन?"

दुकानदार म्हणाले, "काकू, तिखट रस्सा असला की कडक वाईन नको. आणखी जाळेल. गोड घेतली तर मटणाबरोबर सरबत प्यायल्यासारखं होईल." त्यांनी दोन बाटल्या पुढे ठेवल्या, दोन्ही नाशिककडच्या. एक जड, जुनी ठेवलेली, जरा तुरट. दुसरी हलकी, ताज्या फळाच्या चवीची. "तुम्हाला ही दुसरी."

"चाखून बघू का?" काकू म्हणाल्या.

"काकू, बोरं आहेत का ही?"

"बोरं बी चाखूनच घेते मी. आन् तुमी म्हनता म्हनून घ्यायची? आत काय हाय काय दिसतंय? बाटली काळी."

मी दोन्ही बाटल्या हातात घेऊन उभी. जड बाटली दिसायला भारदस्त, वर सोनेरी अक्षरं. पाहुण्याला द्यायची तर अशी द्यावी, असं एक मन म्हणत होतं. मी दुकानदारांना विचारलं, "द्राक्षाची चव कुठल्या बाटलीत जास्त कळेल? ज्यांना द्यायची त्यांच्या वडिलांची बाग होती."

"मग हीच," म्हणाले आणि हलकी बाटली माझ्या हातात नीट बसवली. "आणि हिला फिरकीचं झाकण आहे. बूच काढायची कटकट नाही. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, बर्फ घालू नका. जेवणाआधी थोडा वेळ उघडून ठेवा."

काकूंनी निघता निघता सांगितलंच, "चांगली नाय निघाली तर परत आनून देईन."

"अर्धी पिऊन आणू नका म्हणजे झालं."

बाटली काकूंनी आपल्या भाजीच्या पिशवीत मेथीच्या दोन जुड्यांखाली झाकली. मेथी बांगड्यावाल्याशेजारून घेऊन ठेवली होती. म्हणजे बाटली आपल्याच पिशवीतून न्यायची हे त्यांचं आधीच ठरलं होतं.

रविवार, संध्याकाळ

दिवेलागणीला काकूंनी देवापुढे दिवा लावला, मग देवघराचं दार ओढून घेतलं. "देवाला कशाला दाखवायचं," म्हणाल्या.

मटण दोन तऱ्हांचं केलं होतं. एक येसर घातलेला लाल रस्सा आणि एक सुकं, कांदा-खोबऱ्यात परतलेलं, कमी तिखटाचं. हे दुसरं त्यांच्या रोजच्या बेतातलं नव्हतं. दुकानदाराचं बोलणं त्यांनी वरवर उडवून लावलं होतं, पण मनात ठेवलं होतं. बाजरीच्या भाकरी, कांदा, लिंबू. वाईनला काकूंनी स्टीलची फुलपात्रं मांडली. अण्णा म्हणाले, "रंग दिसायला पाहिजे." मग कपाटातले सरबताचे फुलाफुलांचे काचेचे ग्लास निघाले, पुसले गेले.

ओतायचं कोणी? अण्णा म्हणाले, "ज्यांनी आनली त्यांनी." मी बाटली उचलली. फिरकीचं झाकण कर्र करून उघडलं आणि वास आला. आमच्याकडे मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडताना घरभर सुटतो, त्याच्या जवळपासचा. जरा धीर आला. अण्णांना ओतली, मला थोडी, आणि काकूंनी ग्लासवर हात ठेवला, मग काढला. "टेकवा एक थेंब. काय पाजताय ते कळलं पाहिजे मला."

अण्णांनी ग्लास बल्बसमोर धरला. मी त्यांच्याआधीच घोट घेतला. कसं लागतंय ते मला आधी कळायला हवं होतं. कच्चं काजूबोंड खाल्ल्यासारखी जीभ आखडली. गोडाचा मागमूस नाही. आंबट, तुरट. माझ्या तोंडून मालवणीच निघालं, "अगो बाय, ह्या नासला मा!"

"थांबा, पिऊ नका!" मी अण्णांच्या ग्लासला हात घातला.

पण त्यांनी घोट घेतला होता. डोळे मिटले होते. काकूंनीही घेतला आणि तोंड असं केलं की बस. "यापरीस चिंचेचा कोळ बरा. कामून लोक पैसे मोजतात याला?" वर त्यांनी रश्श्यात बुडवलेला भाकरीचा घास खाल्ला आणि पुन्हा घोट घेतला, तर ठसकाच लागला. "आग झाली हो नुसती! दुकानदार खरं बोलत व्हता."

मी खाली मान घालून बसले. मनात म्हणत होते, सोनेरी अक्षरांची घ्यायला हवी होती. कशाला मी एवढं डोकं चालवलं.

"ताई," अण्णा म्हणाले. "नासली नाय. नुसती पिऊ नका. सुक्क्याचा घास घ्या, चरबीचा, आन् मग."

मी घेतला. मटण मऊ, चरबीने तोंड भरलेलं. वर घोट. जीभ आखडली नाही. उलट तूपकट तोंड स्वच्छ झालं, आमच्याकडे सोलकढीने होतं तसं, आणि मागे काहीतरी राहिलं, जांभळासारखं. पुढचा घास घ्यावासा वाटला. काकूंनीही सुकं खाऊन पाहिलं, तोंडातल्या तोंडात घोट फिरवला आणि म्हणाल्या, "हां. आता जरा मानसात आली."

अण्णा सावकाश जेवत होते. घास, घोट, घास. मग म्हणाले, "आमच्या बागेतला शेवटचा माल असाच लागायचा. पानी कमी पडलं व्हतं, साल जाड झालती. लोक म्हनायचे तुरट हाय. वडील म्हनायचे, तुरट नाय, दाट हाय." ग्लासातला तळाचा घोट त्यांनी घेतला नाही. उठून अंगणात गेले, तुळशीपासून दूर पेरूच्या झाडाच्या मुळाशी ओतला आणि आत येऊन बसले.

मग काकूंनी स्नेहलच्या आजारातल्या गोष्टी काढल्या. तापात ती काकूंनाच आई समजून "आये, माका घराक व्हर", म्हणजे मला घरी ने, म्हणायची, काकूंना एक अक्षर कळायचं नाही, आणि त्या "व्हय बाळा, व्हय" म्हणत राहायच्या. अण्णांनी स्नेहल भाकरी थापायला शिकली तेव्हाची नक्कल केली. बाटली हळूहळू संपली. मी वाट बघत होते, कधीतरी आवाज चढेल म्हणून. चढला नाही. अण्णा भांडी उचलायला उठले, काकूंनी "ठेवा ते" म्हटलं, तेवढंच. पुढ्यात बाटली असून घरात सगळे हसत आहेत, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. भीती कधी गेली ते कळलंच नाही.

सोमवार

निघताना मन भरून आलं होतं, पण एक कोपरा तसाच रिकामा. वाईन प्यायलो, संपली. अण्णांनी चाखली, हे मोठंच समाधान. पण काकूंच्या हातात मी काय ठेवलं? साडी पिशवीत जशीच्या तशी. वर त्यांनी माझीच ओटी भरली. नारळ, ज्वारी, खण. नारळ वेंगुर्ल्याच्या बाईला पडेगावातून! मी म्हटलंही. "असू द्या, त्याला बी माहेर बघू द्या," म्हणाल्या.

मग आतून ती बाटली घेऊन आल्या. धुतलेली, उन्हात वाळवलेली, आणि काठोकाठ पिवळ्या तेलाने भरलेली. करडईचं, शेतातलं, घाण्यावरून आणलेलं. फिरकीचं झाकण घट्ट लावून वर प्लास्टिक बांधलेलं.

"काकू, आता हे नको. तुम्ही माझं काही घेत नाही, आणि मी..."

"बाटली तुमची हाय. कुनाचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतंय. आमच्या घरात तरी नाय दिलं कधी."

मला शेजारणीच्या वाटीतले काजू आठवले. आमच्याकडेही तसंच, दुसरं काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. रीतच ती. बाटली घेतली.

बस नगरच्या पुढे आली असेल. बाटली मांडीवर धरून बसले होते, सांडेल या भीतीने. आणि एकदम डोक्यात उजेड पडला. वाटी परत आली तर ती भेट नसते, आणि तेल भरून त्यांच्या घरून आली म्हणजे बाटली आता त्यांचं भांडं. तिला कोण नाही म्हणणार? मी इतकी मोठ्याने "हां!" म्हटलं की शेजारच्या बाईने तिचा स्टॉप आला समजून पिशव्या उचलल्या.

तेलातली भाजी ह्यांनी पहिल्या दिवशी बाजूला सारली, दुसऱ्या दिवशी खाल्ली, आणि तिसऱ्या दिवसापासून विचारायला लागले की ते पिवळं संपलं का. संपल्यावर मी बाटली धुतली, उन्हात ठेवली. उन्हाळ्यात रातांबे आले. पहिलं आगळ, म्हणजे मीठ घालून काढलेला रातांब्याचा दाट रस, त्या बाटलीत भरला. सगळा लाल. नाशिककडचं लेबल अजून तसंच होतं, ते काढलं नाही. स्नेहल रजा घेऊन पडेगावला जाणार होती, तिच्याबरोबर पाठवली.

संध्याकाळी काकूंचा फोन आला.

"पोचली बाटली. आमचे हे बाटली बघून लगेच कपाटातले ग्लास काढाय लागले. म्हनले, स्नेहलनं अजून वाईन आनली. निम्मा ग्लास तसाच ओतून घेतला आन् मोठा घोट घेतला." मागून अण्णांच्या खोकल्याचा आवाज येत होता. "मग काय, कान धरून बसलेत. स्नेहल हसून हसून लोळायलीय."

"काकू, घेतलंत ना पण?"

"घ्यावंच लागतंय की. भांडं आलंय आमचं." मग म्हणाल्या, "लई हुशार हाव तुमी, स्नेहलची आई."

मी डोळे पुसत होते आणि हसत होते.

"स्नेहलकडून कढी करून घेते. बाटली रिकामी झाली की उन्हात ठेवते," काकू म्हणाल्या. "आन् मी बी बघते, आता तिच्यात काय भरायचं ते."